मास्तरांनी मान डोलावली

१ मार्च, रविवार, दुपारी
आजपासून रोजनिशी. लेखकाला रोजनिशी लागते, आणि मी लेखक झालो आहे. सकाळी साडेदहाला, वाचनालयाच्या नोटीसबोर्डासमोर.

कथास्पर्धा. फक्त नवलेखकांसाठी. दोन हजार शब्द. पहिल्या तीन कथा १९ एप्रिलला वाचनालयाच्या हॉलमध्ये एक नट माइकवरून वाचून दाखवणार. हॉल भरलेला, लोक डोळे पुसतायत, मी कोपऱ्यात संकोचून उभा. हे सगळं मला बोर्डासमोरच दिसलं.

फॉर्मबरोबर ग्रंथपालबाईंनी एक पत्रक दिलं. 'स्पर्धेत उतरण्यापूर्वी नवलेखकाने स्वतःला विचारायचे नैतिक प्रश्न.' एकूण अकरा. घरी येऊन अकराही प्रश्नांपुढे 'हो' लिहून टाकलं. मग सहज वाचलं, तर तिसरा प्रश्न 'आपण दुसऱ्याचं लेखन उचललं आहे का?' असा होता. खोडून 'नाही' केलं. बाकीचे सवडीने वाचेन.

तसं मला नीती कुणी शिकवायला नको. एकवीस वर्षं श्रवणयंत्रं दुरुस्त करतोय. लोकांच्या कानातला मळ साफ करून पोट भरणारा माणूस आणखी किती निर्मळ असायचा!

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून लिहिणे. चहा बंद. निकाल लागेपर्यंत बायकोला न सांगणे.

१ मार्च, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. चहा पिता पिता विषय निघाला.

ती बरं म्हणाली. नुसतं बरं. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तिच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याचा आणि एक तिच्या पायाखाली. घरात मात्र दोन्ही तिच्याच पायाखाली असतात.

२ मार्च
पाचला उठलो. घड्याळात पाचच वाजले होते. खात्री झाली. झोपलो.

३ मार्च
पहिलं वाक्य लिहिलं: 'आयुष्य म्हणजे एक'. पुढे एक काय ते सुचेना. दोन तास गेले. मोबाइलमधल्या सहाय्यकाला विचारलं, तर पठ्ठ्याने आठ सेकंदांत अख्खी कथा काढून दिली. तीत एक दीपगृह होतं, एक जुनं पत्र होतं आणि शेवटी सूर्यास्त.

पत्रक काढून बघितलं. प्रश्न पाचवा: 'कथा यंत्राकडून लिहून घेतली आहे का?' ताबडतोब डिलीट केली. तत्त्व म्हणजे तत्त्व. शिवाय भिकार होती. चांगली असती तरी डिलीट केली असती. बहुधा.

५ मार्च, गुरुवार
मिळाली! कथा मिळाली! आणि कुठे, तर माझ्याच टेबलावर!

दर गुरुवारी अकरा वाजता आमच्या दुकानात मास्तर येतात. रिटायर्ड, भूगोलाचे, वय अठ्ठ्याहत्तर. यंत्र चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवतात. खरं तर महिन्यातून एकदा सफाई पुरते, पण ते दर आठवड्याला येतात आणि मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, काही म्हणत नाहीत. सफाईला अर्धा तास लागतो. कानात बसणारा साचा कोमट पाण्यात, नळीत हवा मारायची, मग वाळवायचं. तेवढा वेळ मास्तरांना काहीही ऐकू येत नाही. म्हणून ते स्वतःच बोलतात. मधे कुणी अडवलेलं कळतही नाही, त्यामुळे सलग बोलतात.

आज बाईंबद्दल बोलले. बाई म्हणजे त्यांची बायको, सहा वर्षांपूर्वी गेल्या. बाईंना बोलायची फार हौस. मास्तर हळूच यंत्र बंद करायचे आणि हसून मान डोलावायचे. तीस वर्षं डोलावली. कुणाचंही ऐकू आलं नाही की आपली मान आपोआप डोलते, असं म्हणाले. शेवटच्या सकाळी बाई दारात उभ्या राहून काहीतरी म्हणाल्या. यांनी मान डोलावली. बाई आत जाऊन पडल्या त्या उठल्याच नाहीत. काय म्हणाल्या ते यांना माहीत नाही.

त्यात मुलीचा तिढा. मुलीने बँकेतली नोकरी सोडून रोपांची नर्सरी काढली, म्हणून बाई वर्षभर तिच्याशी बोलत नव्हत्या. ती धावत आली आणि तिने पहिलं हेच विचारलं, की आई शेवटी काय म्हणाली. मास्तरांनी सांगून टाकलं: 'तिला सांगा, तिचंच बरोबर होतं.' साफ बनवून. मुलगी तेव्हा पोटभर रडली आणि सावरली. त्या एका वाक्यावर ती आजवर उभी आहे, असं मास्तर म्हणाले. हे तिला कधी कळता कामा नये. कुणाला सांगू नकोस, तुला सांगितलं कारण तुझं काही ऐकून घ्यावं लागत नाही.

ऐकण्याच्या नादात नळीत दोनदा हवा मारली.

मी कुणाला सांगणार नाही. शब्द म्हणजे शब्द. फक्त लिहिणार आहे.

८ मार्च, रविवार
एका बैठकीत लिहून काढली! दोन हजार तीनशे शब्द. ओळख पटू नये म्हणून मास्तरांना भूगोलाऐवजी इतिहासाचे केले. मुलीचा मुलगा केला. नर्सरीऐवजी सायकलींचं दुकान. आता खुद्द मास्तरांनी वाचली तरी म्हणतील, कोण बिचारा हा.

बायकोने वाचली. चौथ्या ओळीला म्हणाली, हे मास्तर ना. मग म्हणाली, त्यांना विचारलंस का. मी म्हटलं, ही कल्पित कथा आहे. ती म्हणाली, डबी चष्म्याचीच आहे.

पत्रक पुन्हा काढलं. प्रश्न सातवा: 'कथेतली व्यक्ती खरी असल्यास तिला विचारलं आहे का? तिने ऐकून आणि समजून होकार दिला आहे का?' ऐकून आणि समजून! शब्द किती वाया घालवतात लोक. होकार म्हणजे होकार.

पण विचारीन. मी असा लेखक आहे जो विचारतो. गुरुवारी.

१२ मार्च, गुरुवार
विचारलं. छातीठोकपणे विचारलं.

मास्तर अकराला आले. आल्या आल्या विचारणं बरं दिसलं नसतं, माणूस नुकताच जिना चढून आलेला. मग रिसेप्शनवाली घुटमळत होती. तिच्या कानावर काही पडलं की संध्याकाळपर्यंत चौकात पोचतं. मग मॅडम आल्या. म्हणून थांबलो. यंत्र उघडून साचा पाण्यात टाकला, नळी वेगळी केली, आणि सगळं स्थिरस्थावर झाल्यावर मास्तरांकडे बघून अगदी हळू आवाजात म्हटलं, की तुमची परवा सांगितलेली हकीकत मी कथेत वापरली आहे, नावगाव बदललं आहे, आपली हरकत नसावी.

मास्तर हसले. मान डोलावली. एकदा नाही, दोनदा.

किती मोठं मन! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एक शब्द उलट विचारला नाही. आणि लेखी म्हणाल तर सफाईच्या कार्डावर दर आठवड्याला सही असतेच, 'काम समाधानकारक' या ओळीखाली. आजही केली. कार्ड जपून ठेवलं आहे.

प्रश्न सातवा: हो.

बायकोला सांगितलं. तिने काही बोलायच्या आत अंघोळीला गेलो.

१५ मार्च, रविवार
आता संमती आहे म्हटल्यावर वेषांतराची गरज काय? मुलगा धाय मोकलून रडतो ते पटत नव्हतं, म्हणून परत मुलगी केली. सायकलीच्या दुकानावरून आई वर्षभर अबोला धरेल हे काही खरं वाटेना, म्हणून परत नर्सरी. आणि इतिहासाच्या मास्तरांनी भिंतीवर नकाशा लावण्यात काही मजा नाही, सबब भूगोल. कलेशी प्रामाणिक राहावं लागतं. 'तिला सांगा, तिचंच बरोबर होतं' हे वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे. याहून चांगलं मला सुचलं नसतं.

तीनशे शब्द जास्त होते. बायकोने कापले. सुरुवातही तिनेच बदलली आणि शेवट थोडा. प्रश्न नववा: 'लेखन पूर्णतः आपलं स्वतःचं आहे का?' मधला भाग पूर्णतः माझा आहे. कापताना ती म्हणाली, गोष्ट चांगली आहे, म्हणूनच मला भीती वाटते. पहिला अर्धा अभिप्राय नोंदवून ठेवतो.

१७ मार्च
फॉर्म, कथा, पत्रक, सही. दिलं एकदाचं. ग्रंथपालबाईंनी विचारलं, पत्रक नीट वाचलंत ना. म्हटलं, पाठ आहे.

कितीजण भाग घेतायत असं सहज विचारलं, तर हसल्या. तुफान गर्दी असणार.

१८ मार्च
एक छोटी गोष्ट. तीच कथा एका पाक्षिकाच्या स्पर्धेलाही पाठवली. प्रश्न दहावा याबद्दल काहीतरी म्हणतो. पण मी माणूस म्हणून विचार केला, वाचनालयाला नाही आवडली तर बिचारी कथा कुठे जाईल?

१८ मार्च, चाळीस मिनिटांनी
पाक्षिकाचं उत्तर आलं. साभार परत. चला, दहाव्या प्रश्नाचं उत्तर आपोआप बरोबर झालं. नीतीने वागणाऱ्याला असा आतून आधार मिळतो.

२ एप्रिल, गुरुवार
पहिल्या तिघांत! मी! फोन दुकानातच आला. रिसेप्शनवालीने घेतला, त्यामुळे मला कळायच्या आत शेजारच्या चष्मेवाल्याला कळलं होतं. कोण पहिला, कोण तिसरा ते समारंभातच सांगणार.

मॅडम खूश. इतक्या खूश की त्यांनी लगेच वाचनालयाला फोन करून दुकानातर्फे मदत जाहीर केली. वाचनालयाचे निम्मे सभासद आमचे गिऱ्हाईक आहेत. म्हणून हॉलमध्ये आम्ही लूप टाकून देणार. लूप म्हणजे हॉलभोवती एक तार फिरवायची. मग माइकवर बोललेलं सरळ ज्याच्या त्याच्या यंत्रात उतरतं. मधलं खोकणं, खुर्च्या सरकवणं काही नाही. नट जणू कानाशी बसून वाचतोय. यंत्रात त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, तो तेवढा चालू हवा.

तार टाकायचं काम अर्थात माझ्याकडे. आपल्या शब्दांसाठी आपणच रस्ता बांधायचा. असं किती लेखकांना मिळतं?

मास्तर आज आले नाहीत. सर्दी झाली असा मुलीचा फोन होता.

९ एप्रिल, गुरुवार
मास्तर आले. वाचनालयाचे चाळीस वर्षांचे सभासद, त्यांनी बोर्डावर नाव वाचलं होतं. दारातूनच ओरडले, आमचा माणूस लेखक झाला! मुलीला घेऊन येणार आहेत. पहिल्या रांगेत. ग्रंथपालबाईंना सांगून दोन खुर्च्यासुद्धा धरल्या आहेत.

मग विचारलं, कथा कशावर आहे.

यंत्र कानातच होतं.

मी म्हटलं, माणसांवर. ते म्हणाले, वा.

आता मला हे कळत नाही. संमती देऊन वर कशावर आहे म्हणून विचारायचं? वय. दुसरं काय. विसरले.

९ एप्रिल, संध्याकाळी
बायकोला सहज सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली आणि विचारलं, त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा यंत्र त्यांच्या कानात होतं की टेबलावर.

प्रश्न तांत्रिक आहे. मी म्हटलं, मास्तरांनी मान डोलावली. ती म्हणाली, मी यंत्र विचारतेय. मी म्हटलं, दोनदा डोलावली.

रात्री जेवायला नुसता वरणभात होता.

१० एप्रिल
मोठा निर्णय. कथा मागे घ्यायची. माझ्यासारख्याला बक्षिसाची काय पत्रास! मास्तरांचं गुपित मोठं की माझं नाव? दुपारच्या सुट्टीत तडक वाचनालयात गेलो.

माघारीचा एक वेगळा फॉर्म असतो. त्यात 'कारण' या रकान्याला एकच ओळ दिलेली आहे. माझं कारण एका ओळीत बसण्यासारखं नाही. तेवढ्यात बोर्डाकडे लक्ष गेलं. माझं नाव टाइप केलेलं होतं आणि खाली रेष मारलेली. हाताने नाही, पट्टी लावून. एवढे कष्ट कुणीतरी घेतले होते.

माघारीचा फॉर्म घरी आणला आहे. विचारपूर्वक भरायचा.

१२ एप्रिल
फॉर्मवर चहा सांडला. बघू.

१४ एप्रिल
हॉलमध्ये तार टाकली. गुडघ्यांवर चालत चारी भिंतींच्या कडेने, खिळे ठोकत. पहिल्या रांगेत दोन खुर्च्यांवर कागद चिकटवलेले होते: 'राखीव'. तार त्यांच्या बरोबर मागून जाते. तिथे आवाज सर्वांत स्वच्छ येतो. चाचणी घेताना मी स्वतः यंत्र लावून तिथे बसलो आणि ग्रंथपालबाईंना माइकवर एक दोन तीन म्हणायला लावलं. माझ्या डोक्याच्या आत म्हणाल्या.

मला घाम फुटला. हॉलमध्ये हवा खेळत नाही, हे मॅडमना सांगायला हवं.

१६ एप्रिल, गुरुवार, दुपारी दोन
मास्तर आले. खास समारंभासाठी यंत्र चोख करून दे म्हणाले. एक शब्द सुटता कामा नये.

मी वैद्यकीय दृष्टीने विचार केला. सर्दीतून उठलेला माणूस. अठ्ठ्याहत्तर वर्षं. एवढा मोठा आवाज थेट कानात उतरला तर कानांना त्रास नाही का होणार? म्हणून लूपचा प्रोग्रॅम तात्पुरता बंद केला. आणि आवाज दोन घरं खाली. फक्त रविवारपुरता. सोमवारी परत चढवीन.

हे मी मास्तरांच्या भल्यासाठी केलं. नियम सांगतो की गिऱ्हाइकाच्या यंत्रात त्याला न सांगता बदल करायचा नाही. सांगितलं असतं. पण यंत्र माझ्या हातात होतं, त्यांना ऐकू कसं जाणार?

मास्तरांनी कार्डावर सही केली. काम समाधानकारक. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली.

मुलीचा विचार मनात आला होता. पण तिच्या कानांना काही झालेलं नाही, तिथे मी काय करणार?

१९ एप्रिल, रविवार, सकाळी
शर्टाला इस्त्री केली. बायको म्हणाली, अजून वेळ आहे, फोन कर. मी म्हटलं, कुणाला. ती म्हणाली, तुला माहीत आहे.

भाषण लिहिलं आहे, पहिलं बक्षीस मिळालं तर. दुसरं मिळालं तर तेच, थोडं संकोचून.

१९ एप्रिल, संध्याकाळी सात
क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. मास्तर पहिल्या रांगेत, कोट घालून. शेजारी मुलगी. नखांत थोडी माती, हसरी. मला हात केला.

ग्रंथपालबाईंनी प्रास्ताविक केलं. स्पर्धेला सतरा जणांनी फॉर्म नेले होते. त्यातल्या चौदा जणांनी नैतिक प्रश्नांचं पत्रक वाचून, आपली तयारी नाही असं कळवून फॉर्म परत आणून दिले. वाचनालयाला त्या चौदा जणांचा अभिमान वाटतो. टाळ्या. उरलेल्या तीन कथा आज सादर होत आहेत.

तीन. तिघांतले पहिले तीन.

तिसरं बक्षीस माझं.

माझी कथा आधी वाचली. नट चांगला होता. कमालीचा चांगला. चष्म्याची डबी आली तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी हसलं. यंत्र बंद करून मान डोलावण्याला सगळे हसले. मास्तरसुद्धा हसले, इतरांकडे बघून. मग ती सकाळ आली, बाई दारात उभ्या राहिल्या आणि हॉल शांत झाला. आणि मग नटाने दमून खाली बसलेल्या माणसाच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. तिला सांगा, तिचंच बरोबर होतं. लोक डोळे पुसत होते. जसं मला बोर्डासमोर दिसलं होतं तसंच. मी कोपऱ्यात उभा होतो तसाच.

मुलगी डोळे पुसत नव्हती. ती मास्तरांकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. एकवीस वर्षं या धंद्यात काढल्यावर ओठ थोडेफार वाचता येतात. ती विचारत होती, बाबा, हे आपलंच आहे का.

मास्तर हसले. मान डोलावली.

दोनदा.

पुढच्या दोन्ही कथा होईपर्यंत ती समोर बघत बसली. लूप अप्रतिम चालला, मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मुद्दाम येऊन सांगितलं.

शेवटी मास्तर माझ्याकडे आले. दोन्ही हात धरले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, एक अक्षर कळलं नाही रे, आज यंत्र काही साथ देईना, पण लोक रडत होते म्हणजे फर्स्टक्लास असणार! मग जरा हळू म्हणाले, मुलगी मधेच काहीतरी विचारत होती, मी आपलं हो म्हटलं. काय विचारत होती रे?

मी म्हटलं, काही नाही.

भाषण झालं नाही. तिसऱ्याला बोलू देत नाहीत.

२० एप्रिल
स्मृतिचिन्ह शोकेसमध्ये ठेवलं. लाकडी पेन आहे. निब सैल आहे.

बायको सकाळपासून शिकवणीवर आहे. आज तिच्या एकाही विद्यार्थ्याला पार्किंग जमलं नाही म्हणे.

मास्तरांच्या यंत्राचा आवाज परत चढवायचा आहे. फोन करून बोलवावं का? गुरुवारी येतीलच.

२३ एप्रिल, गुरुवार
अकरा वाजले. सव्वाअकरा. साचा धुवायला पाणी कोमट करून ठेवलं होतं ते गार झालं. साडेअकराला रिसेप्शनवालीने मास्तरांचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही हे मी प्रथमच बघितलं.

संध्याकाळी बायको स्कूलची गाडी घेऊन दुकानाशी आली. म्हणाली, बस. मी स्मृतिचिन्ह बरोबर घेतलं होतं, मास्तरांना द्यावं म्हणून. वाटेत तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. मी ते सीटखाली ठेवलं. ती मास्तरांच्या बिल्डिंगखाली गाडीत थांबली. हे तुझं तुलाच करायचंय, म्हणाली.

दार मुलीने उघडलं. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाणी दिलं, बसा म्हणाली. मग सांगितलं. वाक्य बनवलेलं आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईने माझं चुकलं असं उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, कुकर करपला तरी चूक कुकरचीच. पण ज्या माणसाने तीस वर्षं कुणाचं काही ऐकलं नाही, तो त्या दिवशी तिला काय ऐकायला हवंय याचा विचार करत होता. तिने ते वाक्य सहा वर्षं जपलं ते खोटं होतं म्हणूनच. त्यांना वाटायचं तिला माहीत नाही, आणि ती तसं वाटू द्यायची. दोघांचं छान चाललं होतं.

रविवारी घरी आल्यावर मास्तरांनी तिला विचारलं, तू काय विचारत होतीस. तिला टाळता आलं नाही. मोठ्याने सांगावं लागलं, कारण यंत्रातून ऐकू जात नव्हतं. तीनदा सांगावं लागलं.

तेव्हापासून मास्तर तिच्याकडे बघत नाहीत. यंत्र रविवारी काढलं ते कानात घातलेलं नाही. वाचनालयातल्या बायका तिला रस्त्यात थांबवून दंडावर हात ठेवतात. परवानगी घेतली होती असं पत्रकावर लिहिलंय तुम्ही, ग्रंथपालबाईंनी दाखवलं, ती म्हणाली. कधी घेतली?

मी म्हटलं, १२ मार्चला.

मास्तर बाल्कनीत रोपांच्या मधे बसले होते. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि माफी मागितली. सगळं सांगितलं. हळू आवाजात कधी विचारलं ते, फॉर्मवर चहा सांडला ते, प्रोग्रॅम बंद केला ते, दोन घरं आवाज उतरवला ते. काही लपवलं नाही, कुठे सजवलं नाही. मधे आवाज फुटला. आजवर मी जे काही रचलं त्यात हे सर्वांत चांगलं होतं आणि बायकोने त्यातला एक शब्दही बदललेला नव्हता.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर हसले. मान डोलावली. दोनदा.

चष्म्याची डबी कठड्यावर होती. बंद.

मी ती उघडून यंत्र त्यांच्या हातात देऊ शकलो असतो. मग सगळं परत सांगावं लागलं असतं. मी नमस्कार करून उठलो.

खाली गाडीत बसलो. बायकोने गाडी सुरू केली नाही. म्हणाली, सांगितलंस सगळं? म्हटलं, सगळं. मग तिने विचारलं, यंत्र कानात होतं ना त्यांच्या.

मी मान डोलावली.